वर्गात लॅपटॉप आले. आता ते मिटायचे कधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नक्की कशाचं उत्तर देतोय ते कळेल. सातवीचा वर्ग, पटावर चाळीस मुलं, तुमचे विषय गणित आणि विज्ञान. शाळेला वीस लॅपटॉप मिळालेत आणि आठवड्यातल्या तीन तासिकांत तरी त्यांचा वापर दिसला पाहिजे, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे. प्रत्यक्षात पहिली पंधरा मिनिटं लॉगिन आणि चार्जर शोधण्यात जातात, मग मागच्या बाकांवर गेम सुरू होतो, आणि घंटा होते तेव्हा खडू-फळ्यावर जेवढं झालं असतं त्याच्या निम्मंही झालेलं नसतं. त्यात काही पालक विचारतायत की मुलांनी स्वतःचे मोबाईल आणले तर चालतील का. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "चांगली ॲप्स सुचवाल का?"

सुचवेन, पण थोडं पुढे गेल्यावर. कारण ॲप बदलून तुमची अडचण सुटणार नाही. तुमच्या गळ्यात दोन वेगळी कामं एकदम पडली आहेत. वापर दिसला पाहिजे, हे एक. मुलांना दशांश अपूर्णांक आणि विद्युत परिपथ कळले पाहिजेत, हे दुसरं. पहिलं काम तासिका मोजून पूर्ण होतं, दुसरं तसं होत नाही. आणि बहुतेक शिक्षक, मॅडम, पहिलं उरकण्याच्या धावपळीत दुसऱ्याचा तास गमावतात.

मी स्वतः विज्ञान शिकवतो, आणि गेली बरीच वर्षं इतर शिक्षकांच्या वर्गात मागे बसून त्यांचे तास बघायचंही काम करतो. त्यातून माझी एक कसोटी तयार झाली आहे. स्क्रीन चालू असताना मुलाला काय जमतंय याकडे मी फारसं बघत नाही. स्क्रीन मिटल्यावर, पुढ्यात कोरा कागद आणि पेन्सिल ठेवल्यावर त्याला काय जमतं ते बघतो. या दोन गोष्टींमधलं अंतर कधीकधी इतकं मोठं असतं की ती दोन वेगळी मुलं वाटावीत.

याचा एक बोलका पुरावा तुर्कस्तानात झालेल्या प्रयोगात आहे. तिथे सुमारे हजार माध्यमिक विद्यार्थ्यांना गणिताच्या सरावात एआय चॅट वापरायला दिलं. साधं चॅट मिळालेल्या मुलांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा हीच मुलं, ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त पुढची पायरी सुचवणारं चॅट दिलं होतं. त्या गटाचं नुकसान जवळजवळ टळलं. म्हणजे यंत्र तेच, फरक एवढाच की विचार कोणी केला. सरावाच्या वेळी वर्गात डोकावलेल्या कोणालाही पहिला गट हुशार वाटला असता, आणि तुमच्या वापराच्या नोंदवहीत तोच तास सर्वांत यशस्वी म्हणून लिहिला गेला असता.

आता, माझ्या उत्तरातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. पहिली-दुसरीच्या वर्गाला मी यातलं जवळजवळ काहीच सुचवणार नाही. ज्या वयात अक्षर हाताने गिरवायचं असतं, वस्तू उचलून मोजायच्या असतात, त्या वयात लॅपटॉप वाट अडवतो. अकरावी-बारावीला उलट बरंच जास्त मोकळं सोडेन. इंटरनेट भरवशाचं आहे की नाही, वर्गात पुरेसे प्लग आहेत की नाही, मदतीला कोणी आहे का, यावरही बरंच ठरतं. ज्या मुलाला नीट दिसत नाही, ज्याला वाचनाची विशेष अडचण आहे किंवा ज्याला लिहिताना हाताचा त्रास होतो, त्याला पुढचा कोणताही नियम लागू नाही. अक्षरं मोठी करणं, मजकूर वाचून दाखवणं, बोललेलं टाइप होणं या सोयी त्याच्यासाठी चष्म्यासारख्या आहेत. चष्मा आठवड्यातून तीन तासिका लावायचा नसतो.

तुमच्या सातवीकडे येतो. सुरुवात सर्वांत कंटाळवाण्या भागापासून, कारण तुमचा तास खरं तर तिथेच मरतोय.

प्रत्येक लॅपटॉपला नंबर द्या, मोठ्या अक्षरात, झाकणावर बाहेरून. मुलांच्या जोड्या ठरवा आणि जोडीला कायमचा एकच नंबर द्या. सात नंबर बिघडला तर सात नंबरची जोडी येऊन सांगेल, आणि सात नंबरवर कोणी काही उद्योग केला तर तोही शोधावा लागणार नाही. लॅपटॉपवर मुलांची वेगवेगळी खाती काढू नका. त्या लॅपटॉपचं एकच साधं विद्यार्थी-खातं ठेवा, ज्यातून नवीन काही इन्स्टॉल होणार नाही. ज्या ॲपला प्रत्येक मुलाचा ईमेल लागतो ते सातवीला टाळाच. बऱ्याच ऑनलाइन सेवांची किमान वयोमर्यादा १३ वर्षं असते, आणि तुमच्या वर्गातली निम्मी मुलं त्याखाली असतील. मुलांना खोटी जन्मतारीख टाकायला शिकवणं हा काही आपल्याला घ्यायचा धडा नाही.

चार्जिंगची जबाबदारी दोन मुलांकडे, आठवड्याच्या पाळीने. लॅपटॉप वर्गात येताना चार्ज होऊनच यायला हवेत. वर्गात चार्जर आणायचाच नाही. बाकांमधून वायरी गेल्या की कोणीतरी अडखळतं आणि दोन लॅपटॉप एकदम खाली येतात.

इंटरनेटचा हिशोब तर कोणी करतच नाही. एक बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओ चालवायला साधारण ३ ते ५ एमबीपीएस इतका इंटरनेटचा वेग लागतो. वीस लॅपटॉपवर तो एकाच वेळी सुरू केला की साठ ते शंभर एमबीपीएस झाले, तेही एकाच खोलीतल्या एकाच वायफायवर. व्हिडिओ अडकल्याचं ते चक्र फिरत राहणारच आणि ते फिरत असताना मुलं दुसरं काहीतरी शोधणारच. म्हणून माझा नियम असा की तासाला लागणारी प्रत्येक गोष्ट आदल्या दिवशी पेन ड्राइव्हने लॅपटॉपवर टाकलेली असली पाहिजे. शक्य असेल तर तासाला वायफाय बंदच ठेवा. गेमचा अर्धा प्रश्न त्यातच सुटतो. फिल्टरवर मात्र फार विसंबू नका. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या शाळांत आयपॅड वाटले होते. तिथल्या शेकडो विद्यार्थ्यांनी काही दिवसांतच त्यावरची बंधनं काढून टाकली. मुलांकडे वेळ असतो, मित्र असतात आणि आव्हान आवडतं. नेटवरच नसलेलं यंत्र मात्र त्यांना फोडता येत नाही.

एवढं बसवायला दोन आठवडे लागतील. त्या दोन आठवड्यांत नवीन धडा लॅपटॉपवर घेऊच नका. फक्त उघडणं, पाच मिनिटांचं काहीतरी सोपं काम, मिटणं आणि जागेवर ठेवणं, एवढाच सराव. मिटण्याचा सराव उघडण्याइतकाच करून घ्या. मी बोलायला लागलो की झाकण अर्धं खाली, ही सवय एकदा लागली की वर्ग तुमच्या हातात राहतो. पूर्ण मिटायला सांगितलं तर पुन्हा सुरू व्हायला वेळ जातो आणि उघडं ठेवलं तर तुमच्याकडे कोणी बघत नाही.

वीस लॅपटॉप आणि चाळीस मुलं याची तुम्हाला खंत वाटते असं पत्रावरून दिसतं. मला उलट तुमचा हेवा वाटतो. या वयाच्या मुलांना लॅपटॉप दोघांत एक असणं हेच योग्य प्रमाण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. एकट्याचा लॅपटॉप म्हणजे एकट्याचं मौन. दोघांत एक असला की बोलावं लागतं. पण जोडी नुसती बसवून भागत नाही, कारण मग एक चालवतो आणि दुसरा खिडकीबाहेर बघतो. माझी पद्धत अशी: ज्याचा हात माउसवर आहे त्याने स्वतःच्या मनाने काहीही करायचं नाही. शेजारचा सांगेल तेच करायचं. शेजारच्याने काय करायचं आणि का, हे दोन्ही सांगायचं. पाच मिनिटांनी अदलाबदल. पहिल्या दिवशी खूप भांडणं होतात. आठवड्याभराने "अरे, आधी बॅटरी जोड, नाहीतर कळणार कसं?" अशी वाक्यं ऐकू यायला लागतात, आणि ती वाक्यं म्हणजेच विज्ञान.

आता वापरायचं कशासाठी, हा खरा मुद्दा. माझ्यापुरता मी तो फार थोड्या कामांपुरता आवळून घेतला आहे. कागदाला जे अजिबात जमत नाही, किंवा चाळीस मुलांसमोर एकट्या शिक्षकाला जे वेळेत जमत नाही, तेवढंच यंत्राला द्यायचं.

पहिलं काम, सगळ्या वर्गाच्या डोक्यात या क्षणी काय चाललंय ते बघणं. आपण प्रश्न विचारतो, चार हात वर होतात, त्यातला एक बरोबर उत्तर देतो आणि आपण पुढे जातो. उरलेल्या छत्तीस जणांचं काय, ते परीक्षेपर्यंत कळत नाही. यासाठी मुलांच्या हातात यंत्र असण्याचीही गरज नाही. प्लिकर्स नावाची सोय आहे: प्रत्येक मुलाला छापलेलं एक कार्ड, ते ज्या बाजूने वर धराल त्यावर ए, बी, सी, डी ठरतं, शिक्षकाने आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय ते फोनवर दिसतं. शेजाऱ्याला दुसऱ्याचं उत्तर ओळखता येत नाही, हा आणखी फायदा.

पण इथे सगळी करामत प्रश्नात आहे, ॲपमध्ये नाही. दशांश अपूर्णांक घ्या. पहिला प्रश्न: ०.४५ आणि ०.८ यांत मोठा कोणता? दुसरा: ०.३५ आणि ०.३ यांत मोठा कोणता? काही मुलं दशांश चिन्हाच्या पुढची संख्या पूर्णांकासारखी वाचतात. त्यांच्या दृष्टीने ४५ हे ८ पेक्षा मोठे, म्हणून त्यांचा पहिला प्रश्न चुकतो आणि दुसरा चुकीच्या कारणाने बरोबर येतो. काहींनी "शतांश दशांशापेक्षा लहान असतो" एवढंच लक्षात ठेवलेलं असतं. त्यांना लांब दशांश नेहमी लहान वाटतो, म्हणून त्यांचा पहिला बरोबर आणि दुसरा चूक. दोन्ही मुलांना दोनपैकी एक गुण. कागदी चाचणीत ती सारखीच दिसतात, पण त्यांना शिकवायचं मात्र वेगवेगळं. असे दोन प्रश्न विचारले की दीड मिनिटात तुम्हाला वर्गाचे तीन गट दिसतात. मग फोन खिशात, आणि पुढची वीस मिनिटं संख्यारेषा आणि खडू. माझ्या दृष्टीने हा तंत्रज्ञानाचा उत्तम तास आहे, आणि त्यात यंत्र दोन मिनिटंसुद्धा वापरलं गेलं नाही.

दुसरं काम, जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवणं. यासाठी फेट ही सिम्युलेशनं, म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदल करून बघता येणारे प्रयोग, वापरा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, अनेक सिम्युलेशनं मराठीतही आहेत, आणि प्रत्येक सिम्युलेशनची फाइल उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येते. भूमितीसाठी असंच जिओजेब्रा.

परिपथाचा धडा घ्या. बल्बमध्ये विद्युतधारा "खर्च" होते, म्हणून बल्बच्या पुढे ती कमी असणार, असं मुलांना अगदी मनापासून वाटतं. आधी खरी बॅटरी, खरी वायर, खरा बल्ब. मग वहीत प्रत्येकाने भाकीत लिहायचं: बल्बच्या आधी आणि नंतर धारा सारखी की वेगळी? त्यानंतरच लॅपटॉप उघडायचा आणि सिम्युलेशनमध्ये दोन्हीकडे धारा मोजणारा अमीटर लावून बघायचं. दोन्हीकडे आकडा सारखा दिसला की वर्गात जी कुजबुज होते ती ऐकण्यासारखी असते. मात्र भाकीत लिहिलेलं नसेल तर कोणी चकित होत नाही. मूल आकडा बघतं, "हो, बरोबर" म्हणतं आणि डोक्यातली जुनी समजूत जशीच्या तशी राहते. म्हणून मी क्रम कधीच बदलत नाही: हाताने, मग वहीत, मग स्क्रीनवर, आणि शेवटी पुन्हा वहीत.

तिसरं काम मोजण्याचं, आणि इथे मोबाईल लॅपटॉपला मागे टाकतो. साध्या फोनमध्येही वेग बदलल्याचं कळणारा सेन्सर आणि मायक्रोफोन असतो, बऱ्याच फोनमध्ये दिशा आणि चुंबकत्व मोजणारेही सेन्सर असतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं फायफॉक्स हे ॲप या सेन्सरांचे आकडे सरळ समोर ठेवतं. माझा आवडता प्रयोग ध्वनीच्या वेगाचा आहे, आणि त्याला संपूर्ण वर्गात फक्त दोन फोन लागतात.

दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवा आणि दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारं घड्याळ लावा. पहिल्या फोनजवळचा मुलगा टाळी वाजवतो: त्याचं घड्याळ लगेच सुरू होतं, दुसरं मात्र आवाज पाच मीटर जाऊन पोचल्यावर. थोड्या वेळाने दुसऱ्या फोनजवळची मुलगी टाळी वाजवते: तिचं घड्याळ लगेच थांबतं, पहिलं आवाज परत पोचल्यावर. म्हणजे पहिल्या फोनवरचा वेळ दुसऱ्यापेक्षा थोडा जास्त, आणि तो जादा वेळ म्हणजे आवाजाला दहा मीटर जायला लागलेला वेळ. तो येतो साधारण ०.०२९ सेकंद. दहाला त्याने भागा, सेकंदाला साधारण ३४५ मीटर. पुस्तकातला आकडा मुलांनी टाळी वाजवून काढलेला असतो.

या प्रयोगाचा एक अनपेक्षित लाभ सांगतो. मध्येच कोणी खोकलं की घड्याळ चुकीच्या वेळी थांबतं. त्यामुळे चाळीस मुलं श्वास रोखून गप्प बसतात आणि बोलणाऱ्याला तीच गप्प करतात.

पण प्रयोग झाला की फोन बाजूला. "अंतर पाच मीटर होतं, मग दहाने का भागलं?" हा प्रश्न फळ्यावर, आणि प्रत्येकाने वहीत दोन टाळ्यांची आकृती काढून उत्तर द्यायचं. ज्याला आकृती काढता आली त्याला प्रयोग कळला. ज्याला नाही आली त्याने फक्त टाळ्या वाजवल्या.

चौथं काम सरावाचं. तुमच्या सातवीत काही मुलांचं गणित अजून चौथीच्या पातळीवर असेल, हे मी न बघता सांगू शकतो. दिल्लीत शाळेबाहेरच्या केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. त्यांना प्रत्येकाची पातळी ओळखून तिथूनच प्रश्न देणारं सॉफ्टवेअर आणि जोडीला छोट्या गटात शिकवणी असं दोन्ही दिलं; साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही चांगली वाढ दिसली. याउलट पेरू देशात मुलांना नुसते लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात साधारण सव्वा वर्षानंतरही गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. एका शिक्षकाला एकाच वेळी चौथीची बेरीज आणि सातवीची समीकरणं शिकवता येत नाहीत. तिथे यंत्र खरंच उपयोगी पडतं. तुमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नसेल तर कोलिब्री हे इंटरनेटशिवाय चालणारं मोफत शिक्षण-सॉफ्टवेअर बघा; ते एका संगणकावर टाकलं की बाकीचे लॅपटॉप शाळेच्या आतल्या नेटवर्कवरून त्याला जोडता येतात. आठवड्यातून एक तासिका अर्धा वर्ग लॅपटॉपवर आपापल्या पातळीचा सराव करेल, उरलेला अर्धा तुमच्यासमोर बसेल, आणि मध्यंतरी अदलाबदल. वीस मुलांना शिकवायला मिळणं ही या सगळ्यातली सर्वांत मोठी चैन आहे.

लेखनासाठीही लॅपटॉप चांगला, कारण खोडून पुन्हा लिहिणं सोपं होतं. पण मुलांना देवनागरी टायपिंग येत नसेल तर चार ओळींना अर्धा तास जाईल, म्हणून सातवीला पहिला खर्डा कागदावरच लिहू द्या.

आता कशासाठी वापरू नये. लांब मजकूर वाचण्यासाठी तर नकोच. २०१८ मध्ये ५४ अभ्यास आणि एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो, आणि वेळेची घाई असेल तर हा फरक आणखी वाढतो, असं त्यात दिसलं. धड्याची पीडीएफ उघडून "वाचा" म्हणणं हा माझ्या मते लॅपटॉपचा सर्वांत निरुपयोगी वापर आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त दिसणाराही तोच. फळ्यावरचं टाइप करून घेणंही नको. टाइप करताना मुलं शब्दन् शब्द उतरवत जातात, हे २०१४ च्या गाजलेल्या अभ्यासात दिसलं आणि २०२१ च्या पुनर्प्रयोगातही. त्यामुळे समजही कमी होते, हा निष्कर्ष मात्र पुनर्प्रयोगात तसा टिकला नाही, तेव्हा हाताने लिहिण्याची फार मोठी बढाईही मी मारणार नाही. सातवीच्या मुलाचा टायपिंगचा वेग पाहता वेळ वाया जातो, एवढं कारण मला पुरतं.

गेमबद्दल तुम्ही शिस्तीचा प्रश्न म्हणून लिहिलंय. मी तो बाकांच्या रचनेचा प्रश्न म्हणून बघतो. कॅनडातल्या एका प्रयोगात (२०१३) तासाला लॅपटॉपवर इतर उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण ११ टक्क्यांनी घटले. पण ज्यांना त्यांचा स्क्रीन नुसता दिसत होता, त्यांचे १७ टक्क्यांनी. गेम खेळणारा स्वतःपेक्षा मागच्याचं जास्त नुकसान करतो. पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. तिच्या २०२२ च्या फेरीत ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या, संघटनेतल्या सरासरी ५९ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या किमान काही तासांना दुसऱ्यांच्या उपकरणांमुळे त्यांचं लक्ष जातं. म्हणून लॅपटॉपच्या तासाला बाक भिंतीकडे तोंड करून लावा, तुम्ही मध्ये उभ्या राहा. सगळे स्क्रीन तुम्हाला दिसतात, आणि मुलांना फक्त स्वतःचा. सहज हलणारे बाक नसतील तर तुम्ही वर्गाच्या मागे उभं राहून शिकवा. एवढं करूनही गेम निघाला तर बहुतेक वेळा काम लवकर संपलेलं असतं किंवा सुरूच करता आलेलं नसतं; त्या जोडीपाशी जाऊन यातलं काय ते बघा, मग रागवायचं की नाही ते ठरवा.

मुलांच्या स्वतःच्या मोबाईलला माझं उत्तर नाही असं आहे. बंदीबद्दलचे पुरावे एकमुखी नाहीत. इंग्लंडमधल्या शाळांच्या २०१६ च्या अभ्यासात बंदीनंतर मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढलेले दिसले, पुढच्या मुलांना फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला तेव्हा काहीच परिणाम सापडला नाही. फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्यानेच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाईल बंद केले. माझं कारण या आकड्यांपेक्षा साधं आहे. कोणाकडे नवा फोन, कोणाकडे फुटलेला, कोणाकडे नाहीच, हे चित्र वर्गात आणायचं कशाला? शिवाय घरच्या फोनमध्ये घरच्यांचे मेसेज आणि फोटो असतात. टाळीच्या प्रयोगाला लागणारे दोन फोन शिक्षकांचे घ्या, फ्लाइट मोडवर टाका. फायफॉक्स तरीही चालतं.

मुख्याध्यापकांचं काय, हा शेवटचा आणि कदाचित सर्वांत नाजूक भाग. त्यांच्यावरही वरून कोणाचा तरी दबाव असणार, तेव्हा "वापर दाखवणार नाही" असं म्हणून वाद घालू नका. त्यांना दाखवायला काहीतरी लागतं, तर जास्त चांगलं काहीतरी द्या. पिसाच्याच २०१२ च्या माहितीवर आधारलेला एक अहवाल २०१५ मध्ये आला होता: शाळेत संगणक मध्यम प्रमाणात वापरणारी मुलं अगदी क्वचित वापरणाऱ्यांपेक्षा थोडी पुढे होती, पण सतत वापरणारी बरीच मागे. थोडक्यात, जास्त तासिका म्हणजे जास्त शिक्षण असं नाही, हे तुमचं मत नसून नोंदलेली गोष्ट आहे, हे त्यांच्यापुढे ठेवता येईल.

त्याबरोबर एक साधी नोंदवही सुरू करा. प्रत्येक तासापुढे तीन रकाने: लॅपटॉप कशासाठी उघडले, किती मिनिटांनी मिटले, आणि मिटल्यावर कागदावर मुलांना विचारलेला एक प्रश्न किती जणांना आला. शेवटचा रकाना भरायला तुम्हाला तीन-चार मिनिटं लागतील. अर्ध्या कागदाच्या चिठ्ठ्या गोळा करा, घरी नेऊन तपासू नका, तिथेच बरोबर-चूक असे दोन गठ्ठे करा. महिन्याभराने ती वही घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. तीन तासिकांचा आग्रह तिथल्या तिथे सुटेलच असं नाही, पण चर्चा तासिकांवरून तिसऱ्या रकान्यावर येईल, आणि तुमच्याकडे त्या रकान्यात लिहिलेले आकडे असतील.

सुरुवात दशांशाच्या त्या दोन प्रश्नांपासून करा. त्याला वीसपैकी एकही लॅपटॉप लागत नाही, त्यामुळे चार्जिंगची पाळी बसेपर्यंत थांबायचीही गरज नाही.